रुफिनोच्या वाट्याचं पाणी

खिनेसने गाडी पॅकिंगच्या शेडपाशी लावली आणि तो पायी निघाला. जुलै उतरणीला लागला होता. सेगुरा नदीच्या दोन्ही काठांवरून पीच भरलेले ट्रॅक्टर शेडकडे येत होते आणि गावात कुणालाच मान वर करून बघायची फुरसत नव्हती. हे त्याच्या पथ्यावरच पडलं.

कॉफीच्या दुकानात त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, ब्लासकाकांची नवी बाग यंदा कशी काय? दुकानवाली म्हणाली, नाव काढू नका. सहाशे झाडं लेकरांसारखी वाढवली, आणि पहिला खरा बहर आला तर काय, लिंबाएवढी तुरट, रानटी फळं. शेडवाले क्रेटसुद्धा उतरवून घेत नाहीत. म्हातारा दिवसभर तिथेच बसून असतो, जेवायलाही उठवून आणावं लागतं.

"अरेरे," खिनेस म्हणाला आणि त्याने आणखी एक कॉफी मागवली. इतकी गोड कॉफी तो जन्मात प्यायला नव्हता.

त्या सहाशे खुंटांवर कलमाचे डोळे बांधले होते ते त्यानेच. तीन वर्षांपूर्वी परगावच्या कलमवाल्यांचा मुकादम होऊन, खोटं नाव सांगून तो आला होता. ब्लासने दिलेल्या उत्तम जातीच्या काड्या त्याने नदीत सोडल्या आणि रस्त्याकडेच्या रानपीचच्या काड्या वापरल्या. नुसत्या काडीवरून फळाची जात सांगणारा अजून जन्माला यायचाय. कलमाचं काम म्हणजे पी हळद आणि हो गोरी नव्हे, हे खरं; पण जो सत्तावीस वर्षं थांबला होता, त्याला आणखी तीन काय जड?

तीस वर्षांपूर्वीचं, दुष्काळाचं साल होतं ते. धरणातून शेवटचं पाणी सुटलं होतं आणि गावात प्रत्येकाला एकच पाळी मिळणार होती. ब्लास तेव्हा पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा पाटकरी होता. खिनेसचा बाप रुफिनो याची पाळी दुपारची. सतरा वर्षांच्या खिनेसने स्वतःच्या हाताने पाटाचं दार उघडलं, जर्दाळूंच्या ओळींत पाणी शिरताना पाहिलं आणि उन्हाने डोकं भणभणलं म्हणून अंजिराखाली जरासा टेकला. उठून बघतो तर पाट बंद, आणि दारापाशी ब्लास किल्ली घेऊन उभा. पुढची पाळी ब्लासच्या मेव्हण्याची होती. यात न समजण्यासारखं काय होतं?

महिन्याभरात जर्दाळू उभे वाळले. घर मोडून ते शहरात गेले. तिथल्या डबाबंद फळांच्या कारखान्यात रुफिनो चार वर्षांत खंगून मेला. जेवताना खिनेस ब्लासला शिव्या घालू लागला की बाप पुढ्यातली भाकरी सारून उठून जायचा. बाप भित्रा, एवढंच खिनेसने त्यातून घेतलं. मग बापाच्या वाट्याचा रागही त्यानेच पोसला.

ब्लास बागेत उलट्या क्रेटवर बसला होता. थोड्या अंतरावर त्याची मुलगी कासिल्दा, पन्नाशीची, करवतीने फांद्या उतरवत होती. खुंट तेवढे वाचले तर पुन्हा डोळे बांधायचे, असा तिचा बेत असावा.

"कोण आहे?" ब्लासने विचारलं.

"रुफिनोचा खिनेस."

म्हाताऱ्याचा चेहरा पडेल, अशी त्याची अपेक्षा होती. ब्लासने शेजारचं क्रेट पुढे सरकवलं.

"बस. तीन वर्षांनी आलास."

"म्हणजे ओळखलं होतं मला?"

"मोतीबिंदू डोळ्यांत आहे, कानात नाही. चाल अगदी बापाची आहे तुझी. खोटं नाव का सांगतोयस ते कळेना. म्हटलं, लाजत असेल. कासिल्दा दुसरी टोळी आणत होती, मीच म्हटलं, रुफिनोच्या पोराच्या हातून होऊ दे."

खिनेस क्षणभर अडखळला. पण तीस वर्षं घोकलेलं असं तोंडातून परत आत जात नाही.

"काड्या मी बदलल्या, काका. सगळ्या. तुम्ही माझ्या बापाची बाग पाण्यावाचून मारलीत. आता फिट्टंफाट झाली."

करवत थांबली. ब्लासने समोरच्या झाडाकडे तोंड वळवलं. त्याला ते झाड दिसत होतं की नाही, कोण जाणे.

"झालं तुझं समाधान?" तो म्हणाला. "मग जा पोरा. घरी जा."

अजूनही कबूल करत नाही, खिनेसला वाटलं. चोर काय बोलणार? त्याला मनापासून बरं वाटलं, आणि तो जायला वळला.

"बाबा, मी सांगते त्याला," कासिल्दा म्हणाली.

"नाही. मी रुफिनोला शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय. मी नाही दिलेला."

करवत तशीच हातात घेऊन ती खिनेसच्या समोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज अगदी खाली होता.

"त्या दिवशी दारं धरायला तुला ठेवलं होतं ना? तू झोपलास. खालचा बांध फुटला आणि तुमचं सगळं पाणी घळीतून नदीला गेलं. बाबा धावत पोचले तेव्हा तुमची पाळी संपलेली होती, म्हणून त्यांनी दार लावलं. संध्याकाळी तुझा बाप आमच्या उंबऱ्यात आला. मी तिथेच उभी होते. बाबांचे दोन्ही हात धरून म्हणाला, ‘ब्लास, पोराला कळू देऊ नकोस. जन्मभर तुझा द्वेष करू दे त्याला, स्वतःचा नको.’"