शासकीय

सरकारी दवाखाना कंपनीला देऊ नका म्हणत सरिता कोंढा गावच्या बायांसोबत दवाखान्याच्या फाटकासमोर धरण्यावर बसली होती. दुपारी फाटकाला शिडी लागली. रंगाचा डबा घेऊन वर चढणारा पेंटर तिचाच नवरा होता, अश्वजित. सकाळी "काम भेटलं" एवढंच तो बोलला होता. फाटकावरच्या पाटीतल्या 'शासकीय' या शब्दावर त्यानं पांढरा रंग फिरवायला घेतला. बायांच्या घोषणा वाढल्या, सरिता उठून उभी राहिली. तेवढ्यात शिडी हलली. ती धावत गेली आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिली. "सोड, बाया पाहून राहिल्या," तो वरून पुटपुटला. "अन् तुमी पडले तं कुठं नेऊ?" तिनं विचारलं. अश्वजित थबकला. मग खांद्यावरचं फडकं काढून ओला रंग पुसू लागला. ठेकेदार ओरडत आला. सरितानं शिडी आणखी घट्ट धरली.