पुठ्ठा

"काका, मोबाईल ठेवा न बाजूले. दोन हार द्या, लवकर."

वामनरावांनी हातातलं यंत्र उलटं ठेवलं, निशिगंधाचे दोन हार केळीच्या पानात गुंडाळून दिले. गिऱ्हाईक गेलं तरी त्यांच्या कानशिलाची शीर उडतच होती. मोबाईल म्हणे! ई-रीडर होता तो. छापील ओळी एकमेकींत मिसळू लागल्या, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा अकोल्याच्या लेकीनं, रागिणीनं, आणून दिलेला. त्यात अक्षर हवं तेवढं मोठं होई. बंद पडलेलं वाचन पुन्हा सुरू झालं होतं. पण हे गिऱ्हाइकाला सांगायचं कसं? तेवढं बोलता आलं असतं तर ते वामनराव कसले.

राजापेठेतल्या या हाराच्या दुकानाची एक रीत होती. वामनरावांच्या हाती पुस्तक दिसलं की गिऱ्हाईक खांबाला टेकून उभं राही. "होऊ द्या पान पुरं," म्हणे. लग्नघरची घाईतली माणसंसुद्धा थांबत. पुस्तक गेलं तशी ती रीतही गेली. माणूस तोच, स्टूल तेच, कादंबरीसुद्धा तीच. अर्धी कागदावर वाचलेली, उरलेली आता यात.

समोरची शिकवणी सुटली. केशवराव सर पोरांच्या घोळक्यासह बाहेर आले आणि त्यांनी सरळ दुकानाकडे बोट केलं.

"पाहा रे. एवढं वय झालं, पण मोबाईल सुटत नाही. तुमचंही असंच होणार हाय."

पोरं फिदीफिदी हसली. शेजारी शेवंती ओवणाऱ्या बायकोची, शकुनताईंची, सुई थांबली.

"काहून बोलत नाही तुमी? पुस्तक वाचून राहिलो म्हणा न त्याले!"

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? मी जाऊ का सांगाले?"

"नको."

सरांचंच खरं असलं तर? पान उलटताना बोटाला काही लागत नाही. मग हे वाचन खरंच वाचन कशावरून? ही शंका मनात आली आणि वामनरावांना पोरांच्या हसण्यापेक्षा तिचाच जास्त राग आला.

चार दुकानं पलीकडे अब्दुल रहीम पुस्तकं बांधत. वामनराव तिथं जाऊन उभे राहिले.

"रहीमभाई, याले पुस्तकाचा पुठ्ठा चढवून द्या. जाड. उघडलं की पुस्तकच वाटलं पाहिजे."

रहीमभाईंनी ब्रश खळीच्या डब्यात टाकला. "पुस्तकाचं कातडं सोलून या डबड्याले घालू? तौबा! जिंदगी गेली माझी फाटकी पुस्तकं शिवण्यात, अन् तुमी मले सोलाले सांगता?"

"लोक मोबाईल म्हणतात."

"म्हणू द्या!"

"मले सहन होत नाही!"

रहीमभाई बघतच राहिले. या माणसाचा आवाज चढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी मागच्या ढिगातून एक जाडजूड गाईड ओढलं. केशवराव सरांचंच. पुठ्ठ्यावर सरांचा फोटो, हाताची घडी घातलेला.

"पोरगा बांधाले टाकून गेला. पास झाला असन, परत आलाच नाही. याले सोलाचं मले काही वाटत नाही."

पुठ्ठ्याच्या आतल्या कडेनं पातं फिरलं आणि पानांचा गठ्ठा अलगद बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी वामनराव पुठ्ठा उघडून बसले. पहिलंच गिऱ्हाईक खांबाला टेकलं. "होऊ द्या, काका. पान होऊ द्या." नांदगावची बस धरायला निघालेल्या एका बाईंची पिशवी पुठ्ठ्याला लागली. बाईंनी जीभ चावली, पुठ्ठ्याला लावलेला हात कपाळाला टेकवला. याच बाईंची हीच पिशवी परवा नुसत्या यंत्राला लागली होती, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "फुटला तं नाही न मोबाईल?"

वामनरावांना बरं वाटायला हवं होतं. उलट ओळ पुढं सरकेना. जो तो थांबत होता, वाकत होता, हळू बोलत होता, पण वामनरावांकडे नव्हे, पुठ्ठ्याकडे पाहून.

शिकवणी सुटली.

"अरे वा! आपलं गाईड!" केशवराव सर ओरडलेच. "पाहा रे, याले म्हणतात जिद्द! वामनराव, असेच बसा. मान खाली. हसू नका, वाचत राहा. क्लासच्या बॅनरवर टाकतो तुमाले." त्यांनी मोबाईल समोर धरला. पोरांनीही आपापले वर केले.

शकुनताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालेल असं त्यांना वाटलं. वामनराव उठून उभे राहिले. त्यांनी पुठ्ठा मिटला, आतलं यंत्र ओढून काढलं आणि पुठ्ठा सरांच्या छातीशी नेऊन धरला. सरांना तो घ्यावाच लागला.

"फोटो याचा काढा, सर." आवाज रहीमभाईंच्या दुकानापर्यंत गेला. "सकाळपासून समदे याच्याशीच बोलून राहिले. मी तं इथंच होतो."

केशवरावांनी पुठ्ठा उघडून पाहिला. आत वाळलेल्या खळीच्या पापुद्र्यांखेरीज काही नव्हतं. तरी त्यांनी तो दोन्ही हातांनी, जपून, धरला होता.