शेवंताचा नवा तबेला

घोडी घराजवळ आली, की बायको घरात दिसेल, या आशेनं श्रीरंग खांबेट्यांनी स्वतःच नवा तबेला शोधला. आजवर मृदुलाताई आपल्या शेवंताला भेटायला रोज गावाबाहेर जायच्या, त्या थेट संध्याकाळी परतायच्या.

नव्या तबेल्यात मात्र शेवंतानं चाऱ्याला तोंडच लावलं नाही. नुसते खूर आपटत राहिली. डॉक्टरांना काही सापडेना. शेवटी मृदुलाताईंनी जुन्या तबेल्याच्या मालकाला फोन लावला.

"ताई, आमच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे," तो म्हणाला. "तिची घरघर ऐकत वाढलेली घोडी ती. तिकडच्या शांततेला घाबरली असेल."

"आता गिरणी कुठून आणू मी?" मृदुलाताई रडकुंडीला आल्या.

तेवढ्यात मागून घरघर सुरू झाली. सोबत आलेले खांबेटे गवताच्या गंजीला टेकून घोरत होते. शेवंतानं कान टवकारले, गंजीच्या दिशेनं मान लांब केली आणि निवांतपणे गवत खायला लागली.

मृदुलाताईंनी नवऱ्याला उठवलं नाही. त्याच्या डोक्याखाली हळूच शाल सरकवली.

आठवडा झाला. मृदुलाताई आता दुपारी घरीच असतात. काल चहाच्या वेळी त्यांनी तबेल्यात फोन केला.

"अहो, येताय ना?"

"हळू बोल," खांबेटे कुजबुजले. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."