नवऱ्याचं नाव

"आजी, ही दाढ काढावीच लागेल," माझी दातांची डॉक्टर नात म्हणाली. मी तोंड घट्ट मिटलं. आमच्या ह्यांनी शोधलेलं दातांचं सिमेंट पहिल्यांदा याच दाढेत भरलं होतं. हे गेले, दाढ टिकली.

"बरं, आजोबांच्या कॉम्प्युटरला विचारू."

जायच्या आधी ह्यांनी आपली सगळी दातांची डॉक्टरकी त्याला शिकवली होती. तो विचारू लागला, नात माझी उत्तरं टाइप करू लागली. वय विचारून झालं, ठणका विचारून झाला. मग आलं, "नवऱ्याचं नाव?"

"मी नाही घेत बाई."

नातीनं कीबोर्डला हात लावायच्या आतच पडद्यावर उमटलं, "अजून लाजतेस?"

ती पांढरीफटक पडली. मी मात्र साठ वर्षांत पहिल्यांदा, उखाण्याशिवाय म्हटलं, "त्र्यंबक."

मग अक्षरं हळूहळू उमटली, "दाढ राहू दे. परत एकदा म्हण."