पालखी पोचेपर्यंत

राजाबाईनं चहाची बशी नवऱ्याच्या ओठाला लावली, पण चहा आत गेलाच नाही. हनुवटीवरून ओघळून उशीवर उतरला. तिनं तो पदरानं टिपला आणि हाक मारली. दुसऱ्या हाकेला तिचा आवाज चढला, तसा जोतिराम आंघोळीच्या ओल्या अंगानंच धावत आला. त्यानं बापाच्या नाकाशी हात धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग वळून दाराची कडी लावली.

बाहेर ढोल वाजायला लागले होते. बिरोबाच्या यात्रेचा दिवस होता.

"आये, रडू नगं," तो म्हणाला. "आत्ता कळलं तर सगळ्या भावकीला सुतक लागंल. पालखीला खांदा द्याला मानूस ऱ्हानार न्हाय. कुटनं कुटनं लोकं आल्यात. पालखी शिवंवर जाऊन देवळात परत येस्तवर गप ऱ्हायाचं."

"आन आरती?" कोपऱ्यात उभ्या असलेल्या पूनमनं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

देवळातून निघालेली पालखी आधी पुजाऱ्याच्या दारात थांबायची आणि पुजाऱ्याच्या बायकोनं आरती ओवाळायची, अशी रीत होती. पुजारी म्हणजे राजाबाईचा नवरा, धुळा. तो अंथरुणाला खिळल्यापासून पूजा जोतिराम करत होता, पण आरतीचा मान राजाबाईचाच राहिला होता. तिचा नवरा जिता होता म्हणून.

"आयेच करंल. तू केलीस तर लोक इचारतील."

"आत्तींनी करायची? आज?"

राजाबाईनं धुळाचे डोळे मिटले, तोंडावरून हात फिरवला.

"द्येवाला कळंल की रं," ती म्हणाली.

"द्येवाला कळू दे. गावाला कळू नगं."

त्यानं कूलर ओढून बाजेसमोर लावला, वारा मोठा केला आणि पूनमला तिथंच बसायला सांगितलं. राजाबाई हिरवं लुगडं नेसली. आरशात न बघता तिनं कुंकू लावलं.

पालखी दारात आली तेव्हा गल्ली भंडाऱ्यानं पिवळी झाली होती. तिनं ताट ओवाळलं. बायका रांगेनं पुढं आल्या, तिला हळदकुंकू लावून पाया पडू लागल्या. नव्या लग्नाच्या पोरी तिच्या पदराचं टोक डोळ्यांना लावत होत्या.

"आत्या, तुमच्यावानी माझं बी सौभाग्य राहू द्या," एक पोरगी म्हणाली. राजाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. लगेच मागं घेतला.

तेवढ्यात धुळाचा धाकटा भाऊ, बिरुदेव आप्पा, पालखी थोपवून पुढं आला.

"वैनी, दादाला भाईर आनतो. बाजंसकट उचलू. द्येव दारात आलाय, दर्शन घिऊ द्या."

दोन गडी त्याच्या मागं निघालेही. राजाबाई उंबऱ्यावर आडवी आली.

"झोपल्यात. उठवू नगासा."

"आसं कसं? सालातनं एकदा..."

"आप्पा, म्या सांगतीया न्हवं. उठवू नगासा."

आप्पानं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. बाजेवरची चादर वाऱ्यानं फडफडत होती. पायथ्याशी पूनम बसली होती, तिनं मान वर केली नाही. आप्पाचा उचललेला पाय उंबऱ्याजवळच खाली टेकला. त्याचं तोंड पांढरं पडलं. मग त्यानं ओटीतला भंडारा मूठभर घेतला, पालखीवर उधळला आणि घसा फुटेपर्यंत ओरडला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं! उचला रं पालखी!"

ढोल पुन्हा सुरू झाले. राजाबाई दारातच बसून राहिली. दिवसभर माणसं येत होती, तिला वाकून नमस्कार करून जात होती. आत जाऊन धुळापाशी बसावं असं तिला वाटत होतं, पण दार सोडायची भीती होती.

दिवस कलला तेव्हा जोतिराम आला. अंगभर भंडारा, गळ्यात हार. तो तिच्यासमोर खाली बसला.

"पालखी आत बसली," तो म्हणाला. "आये, आता रड."

तिला रडू आलं नाही. मग त्यानंच हंबरडा फोडला.

गल्ली जमा झाली. देवळाकडून माणसं पळत आली. "कवा गेलं?" कुणीतरी विचारलं.

"आत्ताच," जोतिराम म्हणाला. "द्येव आत बसला म्हनून त्यास्नी सांगाय आलो, तर..."

गर्दीतून एक हळहळ फिरली आणि तिचा सूर हळूहळू बदलला. द्येवासाठी जीव धरून ठिवला हुता. आसं मरन कुनाला येतं? माणसं आत शिरून धुळाच्या पायावर डोकं टेकवू लागली. एका म्हाताऱ्यानं धुळाचा हात त्याच्या छातीवर ठेवायला उचलला. हात ताठला होता, वळेना. आप्पानं घाईनं चादर वर ओढली.

बायका राजाबाईच्या भोवती बसल्या. "नशीबवान तू," एक म्हातारी तिला म्हणाली. "तुज्या हातची आरती झाली, पालखी पोचली आन मग गेला."

"सकाळीच गेलं त्ये," राजाबाई म्हणाली.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"सकाळीच गेलं," ती मोठ्यानं म्हणाली. "नवरा मेल्यावर म्या द्येवाला ओवाळलं."

म्हातारीनं तिचं डोकं ओढून आपल्या छातीशी धरलं. "डोस्क्यावर परिनाम झालाया," ती इतरांना म्हणाली. "पानी आना कुनीतरी."

पूनम दारात उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. जोतिरामनंही पाहिलं. तिचे ओठ हलले.

मग ती पाणी आणायला आत गेली.