दोन ठोके

समोरच्या पडद्यावर तिसऱ्या मुलीनेही कापड कापण्याआधी कात्रीचं टोक टेबलावर दोनदा आपटलं. टक, टक. मग चौथ्या मुलाने. तो तर डोळे मिटून आपटत होता.

"अगं बाई, हाही?" आई म्हणाली. "जगात कात्र्या कमी आणि ठोकेच जास्त झालेत!"

"आई, हळू ना! आता माइक चालू होईल." धाकटी कुजबुजली; पाचवी पाळी तिची होती. दादा दोन्ही हातांत मोबाइल धरून स्टुलावर उभा होता. त्याला हलायचीच काय, शिंकायचीही परवानगी नव्हती.

दूर दुसऱ्या खंडात बसलेली, कपडे शिवणारी एक प्रसिद्ध बाई आज पाच देशांतल्या पाच जणांकडून एकेक बाही बेतून घेत होती. थेट, सगळ्या जगासमोर. यातला एक जण वर्षभर तिच्या हाताखाली शिकणार होता. जगासाठी ती 'मॅडम', या घरात मात्र 'कात्रीबाई'. कापडाला कात्री लावण्याआधी ती दोन ठोके द्यायची. वरून घेतलेल्या व्हिडिओत ते लाखो लोकांनी पाहिलं आणि बघता बघता सवय पसरली. कोपऱ्यावरचा न्हावी कंगवा ठोकू लागला. शेजारची शाळकरी पोरगी पेपरात पेन ठोकायची. दादाच्या परदेशातल्या साहेबाने तर मीटिंगआधी माइकच ठोकला. सगळ्यांच्या कानठळ्या बसल्या म्हणे.

"मी वीस वर्षं ठोकतेय," आई म्हणायची. "मला एका मेल्याने लाइक दिलं नाही."

धाकटी हसायची. पण आई घरात बसून जे शिवणकाम करते, त्याला कुणी टाळ्याही वाजवतं, हे तिला कात्रीबाईमुळेच कळलं होतं. मामाने शब्द टाकून विमा कंपनीत तिची सोय लावली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. आज निवड झाली, तरच सुटका.

कात्रीबाई प्रत्येकाला एकच विचारत होती, ठोके का दिलेस? एकीने सांगितलं, मन एकाग्र होतं. दुसरीने सांगितलं, मी कापडाची परवानगी घेते. डोळे मिटणारा म्हणाला, तुमची आठवण म्हणून. कात्रीबाई मान डोलवून पुढे जात होती. धाकटीने स्वतःचं उत्तर पाठच केलं होतं: हा माझा कामाला नमस्कार आहे.

पडद्यावर धाकटीचा चेहरा मोठा झाला.

तिने खडूने बाही आखली. खास आजच्यासाठी घेतलेली नवी कात्री ऐन वेळी हाताला परकी वाटली. तिने आईची उचलली. धारवाल्याकडे न्यायची महिनाभर राहून गेलेली. हाताच्या सवयीने ती आडवी केली, दोनदा ठोकली आणि कापत सुटली. खांद्याला जोडायची मुंढ्याची गोलाई एका दमात उतरली. कुठे अडखळ नाही, कुठे दात नाहीत.

खाली शेरे धावू लागले. 'हीपण कॉपी!' 'पाचातले पाच!' हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची नुसती रांग. धाकटीचे कान तापले.

कात्रीबाई मात्र पुढे वाकली होती. ती काहीतरी म्हणाली आणि पडद्यावर भाषांतर उमटलं.

"बाकीच्यांनी टोक आपटलं. तू कात्री आडवी का ठोकलीस?"

पाठ केलेलं वाक्य या प्रश्नाला बसेना. धाकटीने आईकडे पाहिलं. आई कॅमेऱ्याच्या मागून जोरजोरात मान हलवत होती. नको, नको, ते सांगू नकोस!

"स्क्रू ढिला आहे," धाकटीच्या तोंडून निघून गेलं. "पाती सुटतात आणि कापड चावतात. स्क्रू खाली करून ठोकलं की जागेवर बसतात. आई कधीची मागे लागलीय, कात्री धारवाल्याकडे ने म्हणून. पण मी... तुमचे व्हिडिओ बघत बसले."

आईने कपाळावर हात मारला. स्टुलावर दादा हलला आणि सगळं जग हललं.

भाषांतर पोचायला क्षणभर वेळ लागला. मग कात्रीबाई हसली. खो-खो हसली, खुर्ची मागे सरकेपर्यंत हसली. डोळे पुसत तिने आपली प्रसिद्ध कात्री कॅमेऱ्यासमोर धरली आणि मधला स्क्रू बोटाने हलवला. तो दुखऱ्या दातासारखा डुगडुगला.

पडद्यावर अक्षरं उमटली.

"मलाही आईने सांगितलं होतं. कधी येतेस?"