लढाईचं नाणं

गल्लीत त्यांना सगळे भिंगवाले काका म्हणायचे. प्राचीन नाणी जमवायचा नाद, आणि त्यातही लढाईचीच हवीत: कुणी भाला रोखलेला, कुणी ढालीआड दबा धरून बसलेला. काकू गेल्यापासून घरात आवाज उरला होता तो फक्त फ्रिजचा.

कोपऱ्यावरच्या नाणेवाल्याकडून काका दर आठवड्याला एखादं नाणं घरी पाहायला आणत आणि दुसऱ्या दिवशी तणतणत परत जात.

"खोटं आहे हे! ढाल उजव्या हातात? शिपाई काय डावखुरा होता?"

"अहो काका, डावखुऱ्याने लढूच नये की काय?" नाणेवालाही ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. दोघांची अशी काही जुंपायची की समोरचा चहा थंडगार होऊन जायचा. शेवटी काकांचंच खरं ठरायचं. मग ते नाणं तिथेच ठेवून काका खुशीत घरी यायचे.

काल मात्र नाणेवाल्याने वेगळंच नाणं हातावर ठेवलं. समोरासमोर दोन योद्धे, तलवारीला तलवार भिडलेली. घरी येऊन काकांनी दिव्याखाली ते उलटसुलट करून पाहिलं. काठ पाहिला, झीज पाहिली, वजन केलं. नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती. जन्मभर शोधत होते तेच हे नाणं, अगदी अस्सल.

काकांचा चेहरा पडला.



आज सकाळी दुकानाचं शटर वर जातंय न जातंय तोच काका पायरीवरूनच कडाडले, "खोटं आहे हे!" आणि नेहमीचं स्टूल ओढून ऐसपैस बसले.